गॅस कुठं गेला

मी एसीचं काम शिकलो ते समुद्रकाठी. कोकणातल्या एका बंदराच्या गावी माझे मामा पोस्टात होते. त्यांच्या ओळखीनं एका दुकानात लागलो आणि सहा वर्षं राहिलो. तिथली हवा खारट. बाहेरच्या युनिटचे पत्रे दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटून गळायचे आणि आतली बारीक जाळी बोटानं दाबली तर भुकटी होऊन हातात यायची. त्यामुळं आमचं निम्मं काम गळती शोधण्याचं. मालक त्या बाबतीत फार कडक होते. गॅस कमी झाला म्हणून कोणी नुसता भरून आला की ते त्याला तसंच उलट पाठवायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. एसीतला गॅस खर्च होत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी भोक पडलं आहे, आणि ते सापडल्याशिवाय खाली उतरायचं नाही. नळीच्या एकेका जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा फुगतो का ते बघत बसायचं. मी उन्हात छपरांवर असा तासन्‌तास बसलेलो आहे.

लग्न झाल्यावर बायकोला तिथली दमट हवा सोसेना. तिच्या अंगावर सारखं पुरळ उठायचं. म्हणून मी बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या गावी, मोताळ्याला, परत आलो आणि बसस्टँडच्या मागं एक शटर घेऊन दुकान टाकलं. सुरुवातीला लोक हसले. आमच्याकडं घरोघरी कूलर, एसी असलाच तर एखाद्या डॉक्टरकडं. पण बघता बघता एसी वाढले. इथं खारं वारं नाही. इथं धूळ आहे, हिवाळ्यात जिनिंगमधून उडणारा कापसाचा तूस आहे आणि उन्हाळ्यात पडणारं व्होल्टेज आहे. आठ महिने मी माशा मारत बसतो आणि एप्रिल-मे आला की जेवायला वेळ मिळत नाही.

नववीत मला मराठी शिकवलेल्या सरांचा फोन आला तेव्हा दुकानाला तिसरं वर्ष लागलं होतं. सर निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलीला मी शाळेत असताना पाहिलेलं, माझ्याहून चारेक वर्षांनी लहान. बुलढाण्याच्या एका शाळेत ती गणित शिकवायची आणि रोज गाडीवर जाऊन-येऊन करायची. एका पावसाळ्यात तिची गाडी घसरली आणि मानेचा मणका गेला. तेव्हापासून ती पलंगावर होती. हात थोडे हलायचे, बाकी मानेखाली काही कळायचं नाही.

सरांनी मला बाहेरच्या खोलीत बसवून सगळं नीट समजावून सांगितलं, वर्गात सांगायचे तसं. अशा दुखण्यात माणसाला मानेखाली घाम येत नाही. घाम नाही म्हणजे अंग आपसूक निवत नाही. खोली जितकी तापेल तितकं शरीरही तापत जातं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उन्हाळ्यात खोली सव्वीसच्या वर जाता कामा नये. मागचा उन्हाळा त्यांनी कूलर, ओल्या चादरी आणि बर्फावर काढला होता. पुन्हा तसा काढायची त्यांची हिंमत नव्हती.

मी मन लावून ते काम केलं. खोली पश्चिमेची, दुपारनंतर भिंत हात लावू देत नसे. खिडकीला कूलरचा लोखंडी स्टँड होता, तो मी कापून काढला. खिडकीच्या फटीत थर्माकोल बसवून चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली, की गार हवा सुईच्या टोकाएवढीही बाहेर जाऊ नये. बाहेरचं युनिट गच्चीवर ठेवलं. सर शिडी धरून उभे होते. एसी सुरू झाला तेव्हा ताईनं डोळे मिटून घेतले. मी तिला ताई म्हणायचो आणि ती मला दादा. तिच्या समोरच्या भिंतीवर सरांनी एक घड्याळ लावलं होतं, त्यात खोलीचं तापमान दिसायचं. ती ते बघत म्हणाली, "दादा, मले वाटते मी आता दहावीची बॅच घेऊ शकते."

आणि तिनं खरंच घेतली. पलंगाला एक स्टँड लावून त्यात फोन बसवला आणि गावातल्या, आसपासच्या खेड्यांतल्या मुलींना ती फोनवर गणित शिकवू लागली. मी सर्व्हिसिंगला गेलो की कधी कधी शिकवणी चालू असायची. मी स्टुलावर चढून फिल्टर काढायचो आणि खाली ती कोणाला तरी सांगत असायची की उत्तर चुकलं तरी चालेल, पायरी गाळू नको. दोन उन्हाळे असे सुखात गेले. सुखात हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. त्या घरात गेलं की बरं वाटायचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, सरांनी बोलावलं. मी गेलो तेव्हा सर दूध आणायला बाहेर पडत होते. ताई म्हणाली की मागच्या महिन्यात खोली सव्वीसवर यायला बारा मिनिटं लागायची, आता पंचवीस लागतात. ती घड्याळ बघून रोज मोजत होती. मी गच्चीवर गेलो, गॅसचा दाब दाखवणारा गेज लावला. गॅस बराच कमी होता.

त्या दिवशी माझ्याकडं सात ठिकाणची कामं होती. खिशातला फोन एकसारखा वाजत होता. गच्चीवरचं ऊन असं, की पान्हा फडक्यात धरावा लागत होता. गळती शोधायची तर नळीवरचं सगळं वेष्टण सोडायचं, जोड उघडे करायचे, एकेक तपासायचा, पुन्हा गुंडाळायचं. म्हणजे तास-सव्वा तास. नळीत दाब देऊन गळती बघायला लागणारी नायट्रोजनची टाकी रिकामी झाली होती, ती मलकापूरहून भरून आणायची राहिली होती. पुढं कित्येक दिवस मी स्वतःला हेच कारण देत होतो, की टाकी रिकामी होती. पण नळीत गॅस होताच. नुसत्या साबणाच्या फेसानं काम झालं असतं, आणि साबण काय, घरोघरी असतो.

मी गॅस भरला, गेज काढला आणि खाली आलो. खोली गार होऊ लागली होती. ताईला सांगितलं की गॅस कमी झाला होता, भरला, आता काळजी नाही.

"पण गेला कुठी?" तिनं विचारलं.

मी पिशवी भरत होतो. काय ते मला लगेच कळलं नाही.

"गॅस म्हणते मी. तो तर बंद नळीतच फिरते न? मंग कमी कसा झाला?"

इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. मला उत्तर पाठ होतं. मी म्हणालो, "उन्हाळ्यात थोडा थोडा उडतच असते, ताई. गाडीच्या चाकातली हवा नाही का कमी होत, तसं."

आमच्या धंद्यात हे सगळेच सांगतात. मी समुद्रकाठी शिकलेला, मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, "असं काय." मी पुढच्या कामाला निघून गेलो.

चौथ्या दिवशी मी सुलतानपूरला होतो. तिथं एका शेतकऱ्याच्या नव्या घरात लग्नाआधी दोन एसी बसवून द्यायचे होते. पहाटेच निघालो होतो. भिंतीला भोकं पाडायचं मशीन चालू असलं की फोन ऐकू येत नाही. साडेअकराला पाणी प्यायला थांबलो तेव्हा सरांचे पाच फोन येऊन गेलेले दिसले.

मी फोन लावला. सर शांतपणे बोलले. एसी चालू आहे पण हवा गार येत नाही, खोली तिशीच्या वर गेली आहे. मग त्यांनी विचारलं, मलकापूरच्या कोणाला बोलावून घेऊ का. मलकापूर त्यांच्यापासून तासाच्या आत. मी होतो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तीन तासांवर, आणि एक युनिट अर्धवट भिंतीवर लटकत होतं.

मी म्हणालो, "सर, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. मीच येतो."

असं का म्हणालो याचं उत्तर मला माहीत आहे. दुसरा कोणी आला असता तर त्यानं वेष्टण सोडलं असतं, गळती दाखवली असती आणि सरांना कळलं असतं की मी चार दिवसांपूर्वी ती पाहिलीच नाही. एवढंच. मी सरांना सांगितलं की तोवर ओल्या चादरी घाला, बर्फ आणा, दोन-अडीच तासांत पोचतो. प्रत्यक्षात ते लटकलेलं युनिट बसवून निघायलाच मला एक वाजला.

वाटेत दोनदा थांबून फोन केला. कोणी उचलला नाही. बुलढाणा मागं टाकून राजूर घाट उतरत होतो तेव्हा खालून एक रुग्णवाहिका वर येताना दिसली. वळण अरुंद होतं, म्हणून मी गाडी कडेला घेऊन तिला वाट दिली. तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही. मी उतरत राहिलो.

सरांच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की आत्ताच बुलढाण्याला नेलं. त्या पुढंही काही बोलत होत्या, पण मी गाडी वळवली आणि तोच घाट पुन्हा चढलो.

दवाखान्याच्या बाकावर सर बसले होते. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. दुपारी काय झालं ते त्यांनी मला तिथंच सांगितलं, क्रमानं, कुठंही न अडखळता. कामाला येणाऱ्या बाई आणि ते चादरी भिजवून घालत होते. कूलर खोलीत आणला, पण खिडकी बंद. बाहेरची हवा आत येईना तर कूलर नुसता दमटपणा करत होता. म्हणून त्यांनी भाजी चिरायच्या सुरीनं खिडकीची चिकटपट्टी कापून काढली. ती मी तिहेरी मारली होती. खिडकी उघडली तेव्हा व्होल्टेज इतकं पडलं होतं की कूलरचा पंखा मोजता येईल इतका हळू फिरत होता. ताई सगळा वेळ भिंतीवरचं घड्याळ बघून तापमान सांगत होती. एकतीस, तेहेतीस, चौतीस. मग ती भलतेच आकडे सांगू लागली, आणि नंतर त्यांना ओळखेनाशी झाली. तेव्हा त्यांनी गाडी बोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मला कोणी काही बोललं नाही. हेच सगळ्यात जड गेलं. अंत्यविधीला आलेले लोक उन्हाला नावं ठेवत होते, विजेला ठेवत होते. सरांनी चारचौघांत सांगितलं की हा पोरगा सुलतानपूरहून जेवण न करता धावत आला. काही जणांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेराव्यानंतर मी सरांकडं गेलो आणि एसी बघू का म्हणून विचारलं. त्यांनी मानेनंच हो म्हटलं. मी गच्चीवर जाऊन नळीवरचं वेष्टण सोडलं. साबणाची गरजसुद्धा पडली नाही. जाड नळी जिथं युनिटला जोडलेली असते तिथल्या पितळी नटाखाली तेलाचा डाग होता. गॅसबरोबर थोडं तेल झिरपतं आणि त्यावर धूळ बसून काळी पुटकुळी तयार होते. कोणालाही दिसली असती. थरथरून थरथरून नटाला चीर गेली होती. मी नट बदलला, नळीचं तोंड पुन्हा घडवलं, तपासून गॅस भरला. घड्याळ लावून बघितलं नव्हतं, पण पाऊण तास लागला असेल. खाली येऊन एसी सुरू केला. पलंगावरची गादी काढलेली होती. खोली गार व्हायला लागली तसे सर दारात आले. थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बंद कर."

त्यानंतर माझं जेवणात लक्ष लागेना. कोणाच्या गच्चीवर चढलो की हात थांबायचे. बायकोला मी सगळं सांगितलं. मी म्हणालो की सरांना सांगून टाकतो, मग त्यांना काय करायचं ते करू दे.

"सांगून काय होईन?" ती म्हणाली. "तुमचं वझं उतरन अन् त्यायचं वाढन."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. कोणीतरी मला एकदा तोंडावर शिव्या द्याव्यात, दुकान बंद कर म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी मी सरांकडं गेलो. ते वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. गळती शोधली नाही. ताईनं विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. मलकापूरचा माणूस मुद्दाम येऊ दिला नाही. काहीही गाळलं नाही.

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"तिनं विचारलं होतं तुला, गॅस कुठं गेला म्हणून?"

"हो सर."

मग माझ्याकडं न बघता ते बोलले. "त्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, बाबा, दादाचं उत्तर मले बरोबर वाटत नाही. दुसऱ्या कोणाले दाखवू. मी म्हणालो, तो त्या कामातला शिकलेला आहे, आपला विद्यार्थी आहे, आपल्याला त्यातलं काय कळतं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा काढलं. मी तिच्यावर रागावलो."

मी त्यांच्या पायाशी बसलो. त्या सकाळपर्यंत सर उन्हाला आणि नशिबाला दोष देत होते. त्यांना निदान तेवढा आसरा होता. तो मी जाऊन काढून घेतला. माझं मन हलकं व्हावं म्हणून मी गेलो होतो, आणि झालं असं की ते जसंच्या तसं राहिलं आणि सरांच्या डोक्यात मात्र तिचं ते बोलणं कायमचं बसलं. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. उठताना माझा आधार घेतला आणि चहा ठेवतो म्हणाले. मी नको म्हणालो.

हिवाळ्यात त्यांनी घर सोडलं. पुतण्या त्यांना वरवट बकालला घेऊन गेला. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून एसी काढून न्यायला सांगितलं. मी तो काढला, भिंतीतली दोन्ही भोकं सिमेंटनं बुजवली आणि एसी एका सरकारी दवाखान्याच्या प्रसूतीच्या खोलीत बसवून दिला. सरांनी तो कुठं गेला ते विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

काम मी सोडलं नाही. दुसरं काही येत नाही मला. आता मी गळती शोधल्याशिवाय गॅस भरत नाही. लोक वैतागतात, म्हणतात की तुम्ही उगाच वेळ लावता, दुसरा दहा मिनिटांत करून जातो. काही जण खरंच दुसऱ्याकडं गेले. बायकोला वाटतं की मी आता चांगलं काम करतो याचं मला समाधान असेल. तसं काही नाही. मी उन्हात फेस लावून बसतो, बुडबुडा येतो किंवा येत नाही, आणि कोणाची तरी बैठकीची खोली गार होते. त्याचा त्या पश्चिमेच्या खोलीशी काही संबंध लागत नाही. कितीही नट बदलले तरी लागणार नाही हे मला समजून चुकलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका कामासाठी वरवट बकालला जाणं झालं. पुतण्याचं घर रस्त्यावरच आहे. सर ओसरीत खुर्चीवर बसलेले दिसले. मला वाटलं तसंच पुढं जावं, पण त्यांनी पाहिलं होतं. फार वाळले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, मुलं कितवीत आहेत ते विचारलं, आईची तब्येत विचारली. मोताळ्याचा कोणताही विषय त्यांनी काढला नाही. पुतण्याची बायको चहा घेऊन आली आणि मी काय काम करतो ते कळल्यावर म्हणाली की काकांच्या खोलीत फार गरम होते, एक एसी बसवून द्या, ते आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

सर म्हणाले की नको, त्यांना उन्हाचं काही वाटत नाही. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि हातातला पंचा ओला होता.

ती माझ्याकडं बघत राहिली. मी चहा संपवला, सरांना नमस्कार केला आणि गाडी सुरू करून निघालो.